दारावर कोण बसतं? मोठ्या शहरातल्या स्वतंत्र संगीताविषयी

प्रश्न असा आहे: आमचा तिघांचा बँड आहे, गाणी आमचीच. मिळेल तिथे वाजवतो. समोर फिरून फिरून तेच मित्र असतात. व्हिडिओ बरेच जण बघतात, पण कार्यक्रमाला येत नाहीत. एवढ्या मोठ्या शहरात स्वतंत्र संगीताचा सीन खरंच उभा राहतो का? की त्याला मोठी जागा, लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) किंवा प्रायोजक लागतोच?

उभा राहतो. लहान जागेत राहतो, लेबलशिवायही राहतो. मी बरीच वर्षं छोट्या कार्यक्रमांचं साउंडही करतो आणि आयोजनही. त्यावरून सांगतो, 'श्रोते कसे वाढवू' या टोकाने हा गुंता सुटत नाही. श्रोता एकदा येतो. आवडलं तर पुन्हा येतो. तिसऱ्या वेळी पाऊस, ऑफिस किंवा नुसता कंटाळा आडवा येतो, आणि मोठ्या शहरात घरापासून तासभर लांब जायला एवढं कारण पुरतं. मात्र ज्याच्याकडे दारावर बसून प्रवेशाचे पैसे घ्यायचं काम आहे, ज्याने पोस्टर काढलंय, ज्याच्या घरातला माइक स्टँड आणायचा आहे, तो पावसातही येतो. येताना दोघांना घेऊन येतो. म्हणून मला कोणी सीनबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, तुमच्या कार्यक्रमात न वाजवणाऱ्या किती जणांकडे काम आहे?

हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत डीजे कूल हर्कने त्या दिवशी रेकॉर्ड वाजवल्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ती पार्टी ठरवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा सुरू व्हायच्या होत्या, नव्या कपड्यांना पैसे हवे होते. तिने खोली भाड्याने घेतली, हाताने आमंत्रणं लिहिली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असा प्रवेश लावला. इतिहासात भावाचं नाव मोठं झालं. खोली, तारीख आणि दार बहिणीने सांभाळलं होतं. तुमच्या बँडच्या आसपास सिंडी कोण आहे, हे आधी शोधा. नसेल तर तुम्हा तिघांपैकी एकाला काही काळ ते व्हावं लागेल, आणि त्या काळात त्याचा रियाज कमी होईल हेही धरून चाला.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं आहे. १९६५ मध्ये शिकागोच्या साउथ साइडमध्ये मुहाल रिचर्ड एब्रम्स, फिल कोहरन, स्टीव्ह मॅकॉल आणि जोडी ख्रिश्चन या वादकांनी 'असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स' ही संस्था काढली. सगळे तिला एएसीएम म्हणतात. जॅझ वाजवायचे क्लब कमी होत चालले होते आणि जे उरले होते त्यांना प्रयोग नको होते. या मंडळींनी ठरवलं की सभासदांनी स्वतःच्या रचना वाजवायच्या, एकमेकांच्या कार्यक्रमात साथ करायची, वर्गणी भरायची आणि कार्यक्रमही आपणच लावायचे. पुढे त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी मोफत संगीतवर्ग चालवले. त्यातून आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागोसारखा जगभर ऐकला गेलेला गट निघाला, आणि संस्था आजही चालू आहे. त्यांचं संगीत ऐकायला सोपं अजिबात नव्हतं. तरी माणसं टिकली, कारण तिथे प्रत्येकाला करण्यासारखं काहीतरी होतं.

आता तुमचं काय. महिन्यातला एक वार पक्का करा, उदाहरणार्थ दुसरा गुरुवार. जागा एकच ठेवा, आणि वर्षभर दोन्ही बदलू नका. मोठ्या शहरात माणसाचं डोकं तारखांनी भरलेलं असतं. दर वेळी नवी तारीख आणि नवा पत्ता दिला की प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्यापासून जाहिरात करावी लागते. वार पाठ झाला की लोक कोण वाजवतंय हे न बघताही येतात. तो दिवस आला की समजा की आता कार्यक्रम तुमच्या बँडचा राहिला नाही, आणि हीच चांगली खूण. शनिवार टाळा. त्या रात्री तुमची स्पर्धा अख्ख्या शहराशी असते आणि भाडंही चढं असतं.

दर महिन्याला तीन जण वाजवतील असं ठेवा, प्रत्येकी अर्धा तास. स्वतः दर महिन्याला वाजवू नका, तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. एकाच शहरात सारखं वाजवणाऱ्या बँडला 'पुढच्या वेळी जाऊ' म्हणणारेच जास्त भेटतात. तिघे एकाच पठडीतले नकोत. एक गिटारवर एकटी गाणारी, एक रॅपर, एक आवाजी बँड, असं असलं की तीन वेगळ्या मित्रमंडळींना एका खोलीत बसावं लागतं. त्यासाठी एक अट मी सगळ्यांना आधीच सांगतो: आपला सेट झाला म्हणून निघायचं नाही, बाकीच्या दोघांचंही ऐकायचं. ही अट न पाळणाऱ्याला पुन्हा बोलवत नाही, मग तो कितीही गर्दी आणो. या एका बाबतीत मी हट्टी आहे.

सुरुवात आणि शेवट छापल्याप्रमाणेच करा. शेवटची गाडी चुकली की माणूस परत येत नाही. सकाळी लवकर उठणारे आणि लहान मुलं असणारे तर मुळात येतच नाहीत. लवकर सुरू करून लवकर संपवलं तर ज्यांना 'नाइटलाइफ' या शब्दात आपण बसत नाही असं वाटतं, ती माणसं यायला लागतात. माझ्या अनुभवात कामाला धावून येणारे बरेचसे यांच्यातलेच. शक्य असेल तर दारूच्या विक्रीवर चालणारी जागा घेऊ नका, कारण तिथे वयाची अट येते आणि सोळा-सतरा वर्षांची पोरं बाहेर राहतात. पुढचे बँड त्यांचेच असणार आहेत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात ९२४ गिलमन स्ट्रीट ही जागा १९८६ च्या ३१ डिसेंबरला सुरू झाली. सर्व वयांना प्रवेश, सभासदाचं कार्ड, स्वयंसेवकांचा कारभार; आणि दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष नाही असे नियम भिंतीवरच रंगवलेले. ऑपरेशन आयव्ही आणि ग्रीन डे हे पंक बँड तिथूनच वर आले. ग्रीन डेने मोठ्या लेबलशी करार केल्यावर त्यांनाही तिथे वाजवायची बंदी झाली, कारण मोठ्या लेबलचे बँड घ्यायचे नाहीत असा तिथला नियम होता. हा नियम तुम्ही घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण नियम भिंतीवर लिहिलेले असले की रात्री अकरा वाजता कुणाशी वाद घालावा लागत नाही, हे मात्र शिकण्यासारखं आहे.

साउंडबद्दल जरा लांबण लावतो, कारण छोटे कार्यक्रम फसतात ते बहुतेक इथेच, आणि खापर फुटतं लोकांच्या अरसिकपणावर. लहान खोलीत सगळ्यात मोठं वाद्य ड्रम्स. त्यांना माइक लागत नाही, त्यांचा आवाज तसाच खोली भरून उरतो. मग गायकाला स्वतःचं ऐकू येत नाही, तो मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेला स्पीकर, वाढवायला सांगतो. मॉनिटर वाढला की फीडबॅकची शिट्टी सुरू. तेवढ्यात गिटारवाल्याने हळूच आपला अ‍ॅम्प वर नेलेला असतो. हे मिक्सरवर बसून सुटत नाही. ड्रमरला काड्यांऐवजी रॉड्स (बारीक काड्यांची जुडी) किंवा ब्रश द्या. गिटारचा अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. जमिनीवरचा अ‍ॅम्प वादकाच्या पोटऱ्यांना गाणं ऐकवत असतो, कान वर असतात, म्हणून तो वाढवत राहतो. अ‍ॅम्प कानाकडे वळवला की तो आपणहून कमी करतो. बेस अ‍ॅम्पखाली जाड फोम किंवा रबर घाला, म्हणजे कंप जमिनीतून थेट खालच्या मजल्यावर जाणार नाही. स्पीकरमधून आधी फक्त गाण्याचा आवाज सोडा, बाकीचं कमी पडलं तरच घ्या. शब्द कळले पाहिजेत. तुमची गाणी लोकांनी आधी ऐकलेली नाहीत, त्यामुळे शब्द गेले की सगळंच गेलं.

साउंडचेक रिकाम्या खोलीत होतो आणि तेव्हा सगळं घुमतं. माणसं भरली की वरचे आणि मधले स्वर अंगाकपड्यांत मुरतात, खालचे तसेच राहतात. म्हणून संध्याकाळी पाचला सुरेख वाटलेला बेस आठला चिखल होतो. चेकच्या वेळी बेस थोडा कमी ठेवूनच थांबा आणि पहिल्या गाण्यानंतर खोलीच्या मागच्या भिंतीशी जाऊन ऐका. एकूण पातळीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली ती १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे. लहान खोलीत तेवढंही खूप होतं. मोजायला फोनवरचं अ‍ॅप अगदी अचूक नसतं, अंदाजाला पुरतं. दारावर इअरप्लग ठेवा.

ड्रमसेट आणि बेस अ‍ॅम्प तिन्ही बँडना मिळून एकच ठेवा. दोन सेटमधला वेळ पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो आणि कुणाला टेम्पो करावा लागत नाही. आणि त्या मधल्या वेळात स्पीकरवर मोठ्याने गाणी लावू नका! हा मोह प्रत्येक साउंडवाल्याला होतो. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलतात ती नेमकी याच पंधरा मिनिटांत. ओरडून बोलावं लागलं तर ती फोन काढतात.

शेजाऱ्यांकडे पहिल्या कार्यक्रमाच्या आधी जा, तक्रार आल्यावर नव्हे. वार, संपायची वेळ आणि त्या रात्री उचलला जाईल असा फोन नंबर द्या. भिंतीतून जातो तो मुख्यतः बेस, आणि दार उघडं राहिलं तर सगळंच जातं. म्हणून दारावरच्या माणसाचं अर्धं काम दार बंद ठेवणं हेच. पण तक्रारी बहुतेकदा संगीतापेक्षा कार्यक्रमानंतर रस्त्यावर गप्पा मारणाऱ्या घोळक्याच्या असतात. त्यासाठी संपल्यावर अर्धा तास खोली उघडी ठेवा, गप्पा आतच होऊ द्या.

कायदा हळूहळू जागांच्या बाजूने वळतोय, तेही ठाऊक असू द्या. पूर्वीपासून चालू असलेल्या संगीताच्या जागेशेजारी कोणी नवीन घरं बांधली तर आवाज अडवायचा खर्च बांधणाऱ्याने करायचा, या तत्त्वाला 'एजंट ऑफ चेंज' म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने ते २०१४ मध्ये नियोजनाच्या नियमांत आणलं, इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात ते २०१८ मध्ये आलं. व्हिक्टोरियात ते आपसूक आलं नाही. २०१० च्या जानेवारीत मेलबर्नमधली 'द टोट' ही जुनी जागा बंद झाली, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. उलट माँट्रियलमध्ये २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एका शेजाऱ्याच्या दाव्यावर अपील न्यायालयाचा निकाल लागला आणि 'ला ट्युलिप' हे नाट्यगृह बंद पडलं. त्यानंतर शहराने आवाजाचे नियम बदलायला घेतले. तुमच्या शहरात काय नियम आहे ते जागा ठरवण्याआधी पाहा.

सुरक्षिततेत काटकसर नको. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये 'घोस्ट शिप' या गोदामात संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ माणसं गेली. वरच्या मजल्यावर जायचा जिना लाकडी पॅलेट जोडून केलेला होता, पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते. तिथले लोक बेफिकीर होते म्हणून ते अशा ठिकाणी जमले असं नाही. परवडणाऱ्या जागा संपल्या की माणसं गोदामांत, तळघरांत जमतात. सगळ्या मोठ्या शहरांत हेच होतं. म्हणून जागा बघताना मी पहिल्यांदा साउंड पाहत नाही. बाहेर पडायचे दोन वेगळे मार्ग आहेत का, दारं बाहेरच्या बाजूला उघडतात का, एका सॉकेटवर किती भार पडतोय, एवढं पाहतो. दुसरा मार्ग नसेल तर ती जागा सोडतो, मग तिथलं घुमणं कितीही गोड असो. खोलीची क्षमता ठरवून घ्या आणि ती भरली की दार बंद. त्याच जोडीला, त्रास देणाऱ्या माणसाबद्दल कुणाकडे बोलायचं त्या व्यक्तीचं नाव पोस्टरवर असू द्या, आणि ती व्यक्ती त्या रात्री वाजवणारी नसावी.

पैशाचा हिशोब उघडा ठेवा. दारावर किती जमले, भाडं किती, साउंडचे किती, उरलेले तिघांत किती, हे कागदावर लिहून त्याच रात्री सगळ्या बँडना दाखवा. बाहेरगावाहून आलेल्याचा प्रवासखर्च आधी द्या, बाकीची वाटणी मग. रक्कम क्षुल्लक असते हे खरं, पण क्षुल्लक रकमांवरूनच सीन फुटतात. 'प्रसिद्धी मिळेल' म्हणून फुकट वाजवायला कुणाला बोलावू नका. एखाद्या कामासाठी निधी जमवायचा असेल तर तसं आधीच जाहीर करा. वॉशिंग्टनच्या फुगाझी बँडने वर्षानुवर्षं पाच डॉलरच्या आसपास तिकीट आणि सर्व वयांना प्रवेश हे धोरण ठेवलं, आणि स्वतःच्या शहरात अनेकदा मदतनिधीसाठी वाजवलं. हा कार्यक्रम आपल्याला लुबाडायला नाही अशी खात्री लोकांना होती, आणि त्या खात्रीवरच ते पुन्हा येत राहिले.

स्ट्रीमिंगचं थोडक्यात. गाणी तिथे ठेवा, शोधणाऱ्याला सापडली पाहिजेत. त्यातून मिळकत धरू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून आधीच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचं मानधनच मिळत नाही. बँडकॅम्प ही गाणी थेट श्रोत्यांना विकायची साइट डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेते, बाकीचं बरंचसं तुमच्याकडे येतं. पण २०२२ ते २०२३ या काळात ती कंपनी आधी एपिक गेम्सकडे आणि मग साँगट्रेडरकडे गेली, म्हणजे तिथलं दुकानही आपल्या मालकीचं नाही. दारावर वही ठेवा आणि येणाऱ्यांचे ईमेल त्यांना विचारून घ्या. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी त्यांना साधं पत्र पाठवलं की हजारो व्ह्यूजपेक्षा जास्त माणसं येतात. तुमच्या देशातल्या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेत गाण्यांची नोंदणीही करून ठेवा.

राहिला लेबल आणि प्रायोजकाचा प्रश्न. लेबल सहसा सीननंतर येतं, आणि अनेकदा सीनमधलीच माणसं ते काढतात. वॉशिंग्टनमध्ये १९८० साली टीन आयडल्स हा पोरांचा बँड मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले पैसे वाटून घेण्याऐवजी त्यांनी आपलीच रेकॉर्ड काढली, वेष्टनं हाताने कापून, दुमडून, चिकटवली. तेच डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स हे लेबल. ते फक्त आपल्या शहरातल्या बँडचं संगीत काढत राहिले आणि मित्रांना वेष्टनं दुमडायला बसवत राहिले.

प्रायोजकाबद्दल माझा नियम सरळ आहे. वस्तू घ्या, म्हणजे मिक्सर, केबल, अग्निशामक. तारीख, नाव आणि कोण वाजवणार याबद्दल त्याचं मत घेऊ नका. दरमहा प्रायोजकाच्या पैशावर चाललेला कार्यक्रम त्याचं बजेट बदललं की बंद होतो, आणि तोवर वर्गणी काढायची सवय मोडलेली असते. मोठी जागा हवीच असेल तर तीही माणसं जमल्यावर घेता येते. ब्रिटनमध्ये म्युझिक व्हेन्यू ट्रस्टने लोकांकडून छोट्या रकमा जमवून संगीताच्या जागांच्या इमारतीच विकत घ्यायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये अ‍ॅथर्टन गावातली 'द स्नग' ही पहिली जागा घेतली. तिथे आधी वर्षानुवर्षं येणारी माणसं होती म्हणून ते जमलं.

शेवटी तुमच्या तिघांपुरतं. वर्षाअखेरीस एक महिना असा ठेवा की तुम्ही तिघंही शहरात नाही आणि कार्यक्रम तरीही होतोय. त्यासाठी किल्ल्या, बँडची यादी, हिशोबाची वही आणि मिक्सरच्या सेटिंगचा फोटो आतापासूनच दुसऱ्या कुणाकडे असला पाहिजे. सध्या मात्र दोन स्पीकर, चार माइक, दोन दारांची खोली आणि पैसे घ्यायला बँडबाहेरचं कुणीतरी, एवढं जमलं की पुढच्या महिन्याचा वार लावा.